पहाटेचे दोन तास

गडचिरोलीची हिवाळ्यातील पहाट ज्यांनी अनुभविली आहे, त्यांना तिचे वर्णन करून सांगावयास नको. कठाणी नदीच्या बाजूने धुके येते, गावाच्या कडेची झाडे त्यात बुडून जातात, आणि आमच्यासारख्या वयस्क माणसांना पांघरुणातून हात बाहेर काढणेही जिवावर येते अशा वेळी मैदानावर पावलांचा आवाज सुरू होतो. धावणारी ही मंडळी बहुतेक पोलीस भरतीची तयारी करणारी असतात. मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर ठरलेल्या वेळात धावून गुण मिळवावयाचे असतात, व त्या गुणांवर पुष्कळांचा पुढील संसार उभा राहावयाचा असतो. ह्या जिल्ह्यात धावणे हा पोटाचा प्रश्न आहे.

गेल्या हिवाळ्यात एके दिवशी मी नातीला शालीत गुंडाळून मैदानावर गेले होते. कडेला घोंगडी अंथरून एक म्हातारी बसली होती आणि तिच्या मांडीवर सातआठ महिन्यांचे मूल होते. त्याची आई धावणाऱ्या मुलींत होती. प्रत्येक फेरीला त्या कोपऱ्याशी आली की तिची मान आपोआप इकडे वळे, म्हातारी हात हलवी, आणि ती पुढे निघून जाई. मी त्या म्हातारीशेजारी बसले. आम्हां दोघींच्याही मांडीवर एकेक मूल होते, आणि दोघींच्याही सुना त्याच मैदानावर धावत होत्या. फरक एवढाच की तिच्या सुनेला नोकरी मिळवावयाची होती, आणि माझ्या सुनेला नोकरी होतीच.

ह्या फरकावरून आमच्या घरात जे वर्षभर चालले होते ते आज वाचकांपुढे मांडावयाचे आहे. माझी धाकटी सूनबाई एका शाळेत गणित शिकविते. महाविद्यालयात असता ती विद्यापीठाच्या संघातून लांब पल्ल्याच्या शर्यती धावत असे. लग्न झाले, मुलगा झाला, चार वर्षांनी मुलगी झाली, आणि मुलगी पाच महिन्यांची झाल्यावर एके दिवशी तिने जेवताना सहज सांगितले की, आपण पुन्हा धावावयास सुरुवात करणार आहोत. नुसते प्रकृतीसाठी चालणेफिरणे नव्हे, तर एकवीस किलोमीटरांची अर्धी मॅरेथॉन दोन तासांच्या आत पुरी करावयाची असा तिचा निश्चय होता. त्यासाठी आठवड्यातून पाच दिवस पहाटेचे दोन तास लागणार होते. ताटावर क्षणभर कोणी बोलले नाही. मग आक्षेप निघाले. अंगावर पिणाऱ्या मुलीचे दूध आटेल, हा पहिला. एवढ्या धावण्याने गर्भाशय उतरेल, हा दुसरा. मुलांची आबाळ होईल, हा तिसरा. लोक काय म्हणतील हा चौथा आक्षेप कोणी उच्चारला नाही, पण तो सर्वांच्याच मनात होता. आणि हे आक्षेप घेणाऱ्यांत मी सर्वांत पुढे होते, हे प्रथमच कबूल केले पाहिजे.

ह्यांपैकी दुसरा आक्षेप आमच्या घरात जन्मलेला नव्हे. त्याने मोठमोठ्या शहाण्यांनाही चकविले आहे. 1928 साली ॲमस्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये स्त्रियांसाठी प्रथमच 800 मीटरांची शर्यत ठेवली गेली. जर्मनीची लीना राड्के पहिली आली. अंतिम शर्यतीत नऊ जणी धावल्या आणि नऊही जणींनी ती पुरी केली. तथापि स्पर्धक स्त्रिया अर्ध्या वाटेत कोसळून पडल्या अशा भडक बातम्या वर्तमानपत्रांनी छापल्या, आणि एवढे अंतर स्त्रीच्या शरीराला झेपणारे नाही असे ठरवून ती शर्यत पुढे 1960 पर्यंत बंद ठेवण्यात आली. बोस्टनच्या प्रसिद्ध मॅरेथॉनमध्ये 1967 साली कॅथरीन स्विट्झर ही तरुणी क्रमांक लावून धावत असता शर्यतीच्या एका अधिकाऱ्याने तिला धरून बाहेर ओढण्याचा प्रयत्न केला. तेथे स्त्रियांना रीतसर प्रवेश मिळाला तो 1972 साली. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची मॅरेथॉन आली 1984 साली, लॉस अँजेलिस येथे. म्हणजे जी गोष्ट माझ्या आईच्या पिढीला अशक्य म्हणून सांगितली जात होती, ती माझ्या देखतच सिद्ध झाली आहे.

आणि ह्या काळात मातांनी काय केले ते पाहू. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये हॉलंडच्या फॅनी ब्लँकर्स-कोएन ह्या दोन मुलांच्या आईने चार सुवर्णपदके जिंकली. त्या शर्यती कमी पल्ल्याच्या होत्या, हे खरे. परंतु लांब पल्ल्याची उदाहरणेही कमी नाहीत. नॉर्वेच्या इंग्रिड क्रिस्टियान्सेन हिला 1983 च्या ऑगस्टमध्ये मुलगा झाला, पुढील जानेवारीत तिने अमेरिकेतील ह्यूस्टनची मॅरेथॉन जिंकली, आणि 1985 साली लंडन येथे 2 तास 21 मिनिटे 6 सेकंदांत धावून जगातील तोपर्यंतचा उच्चांक मोडला. केनियाच्या पेरेस जेपचिरचिर हिला 2017 साली मुलगी झाली, आणि टोकियो ऑलिंपिकची मॅरेथॉन तिने 2021 च्या ऑगस्टमध्ये जिंकली. तिचीच देशभगिनी फेथ किप्येगॉन हिने 1500 मीटरांचे ऑलिंपिक सुवर्णपदक एकदा 2016 साली, मुलगी होण्यापूर्वी, मिळविले होते. 2018 साली ती आई झाली, आणि त्यानंतर 2021 व 2024 अशी आणखी दोन सुवर्णपदके तिने मिळविली.

मला सर्वांत नवल वाटले ते जॅस्मिन पॅरिस ह्या ब्रिटिश बाईचे. व्यवसायाने ती जनावरांची डॉक्टर. इंग्लंडच्या डोंगरांतून स्कॉटलंडच्या सीमेपर्यंत 268 मैलांची एक शर्यत भर जानेवारीत होते. 2019 साली ती तिने 83 तास 12 मिनिटांत पुरी केली आणि सर्व पुरुषांनाही मागे टाकून पहिली आली. त्या वेळी तिची मुलगी चौदा महिन्यांची होती, आणि वाटेतील विसाव्याच्या ठाण्यांवर थांबून ती अंगावरचे दूध काढून ठेवीत असे. ही हकीकत सूनबाईने मला वाचून दाखविली, तेव्हा दुधाच्या आक्षेपाला मी स्वतःच कुलूप लावले.

अर्थात एका असामान्य बाईचे उदाहरण म्हणजे शास्त्र नव्हे. परंतु शास्त्राचेही म्हणणे निराळे नाही. 1994 साली कॅलिफोर्नियातील संशोधकांनी अंगावर पाजणाऱ्या तेहतीस मातांची तुलना केली. त्यांतील काहींना बारा आठवडे नियमित दमश्वासाचा व्यायाम करावयास लावला, काहींना नाही. दोन्ही गटांत दुधाच्या प्रमाणात किंवा बाळांच्या वजनवाढीत फरक आढळला नाही. आईचे दूध व्यायामाने आटत नाही. आईच्या पोटात पुरेसे अन्न जात नसेल तर मात्र तिची हानी होते. पाजणाऱ्या आईला रोज सुमारे पाचशे उष्मांक अधिक लागतात. पंचावन्न किलो वजनाची बाई दहा किलोमीटर धावली तर आणखी तितकेच खर्च होतात. म्हणजे तिच्या ताटात हजारभर उष्मांकांचे अन्न अधिक पडले पाहिजे. आता आपल्या एकत्र कुटुंबांत शेवटच्या पंगतीला कोण बसते आणि त्या वेळी पातेल्यात काय उरलेले असते, हे प्रत्येक गृहिणीने आपल्या मनाशी विचारून पाहावे. धावण्याने सून रोडावली असे म्हणण्यापूर्वी तिचे ताट पाहावे. बाळंतिणीसाठी केलेले डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर सव्वा महिना संपताच बंद का व्हावी, हे मला अजून कोणी पटवून दिलेले नाही.

त्याच सव्वा महिन्याविषयी आणखी एक गोष्ट. आपल्या आज्यांनी बाळंतिणीला विश्रांती दिली, ती शहाणपणाचीच होती. किंबहुना आजचे शास्त्र तिच्याही पुढे जाते. 2019 साली इंग्लंडमधील अंगव्यायाम-चिकित्सकांनी बाळंतपणानंतर धावण्याविषयी सूचना प्रसिद्ध केल्या, त्यांत पहिले तीन महिने धावूच नये असे स्पष्ट सांगितले आहे. ओटीपोटाच्या तळाशी जे स्नायू गर्भाशय व मूत्राशय यांना आधार देतात, ते गरोदरपणात व प्रसूतीत ताणलेले असतात. त्यांना पूर्ववत व्हावयास वेळ लागतो. प्रथम चालणे, मग त्या स्नायूंचे व्यायाम, मग थोडे धावणे व थोडे चालणे, असा क्रम असावा. धावताना नकळत लघवी होणे, ओटीपोटात जडपणा किंवा काही खाली सरकल्यासारखे वाटणे, रक्त जाणे किंवा कमरेत दुखणे, ह्यांपैकी काहीही दिसले तर थांबून डॉक्टरांस दाखवावे. ह्या बाबतीत घाई करणाऱ्याला शिक्षा मिळते. इंग्लंडची पॉला रॅडक्लिफ ही मॅरेथॉनची त्या काळची जागतिक उच्चांकाची मानकरी. 2007 च्या जानेवारीत तिला मुलगी झाली, आणि पुन्हा सराव सुरू केल्यावर तिच्या कमरेच्या खालच्या हाडाला बारीक चीर पडली. काही काळ सर्व थांबवावे लागले. त्यानंतर नोव्हेंबरमध्ये तिने न्यूयॉर्कची मॅरेथॉन जिंकली, हेही खरे. पण तो वाटेतला थांबा विसरून नुसता विजय सांगणे लबाडीचे होईल.

डॉक्टरांस दाखवावे असे लिहिणे सोपे आहे. दाखविणे किती कठीण, ते आमच्याच जिल्ह्याने जगाला सांगितले आहे. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतील दोन गावांतील 650 स्त्रियांची तपासणी केली आणि तिचे निष्कर्ष 1989 साली लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. शंभरातील ब्याण्णव स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही विकार होता, आणि त्यापूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया शंभरात अवघ्या आठ होत्या. त्या स्त्रिया काही शर्यती धावत नव्हत्या. त्या शेतात राबत होत्या, पाणी आणीत होत्या, मोहफुले वेचीत होत्या. गर्भाशयाची काळजी आपणांस सुनेने पायांत धावण्याचे बूट घातल्यावरच का वाटू लागते, हा प्रश्न मला त्यानंतर पुष्कळ दिवस छळीत राहिला. आमची सूनबाई धावू लागण्यापूर्वी डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आली होती. मी माझ्या दोन बाळंतपणांनंतर एकदाही गेले नव्हते, आणि शिंकताना जे होते त्याविषयी चाळीस वर्षे कोणापाशी बोलले नव्हते.

डॉक्टरीणबाईंनी तिच्या रक्ताच्या दोन तपासण्या करावयास लावल्या होत्या, त्या येथे सांगून ठेवते. एक रक्तातील लोहाची. 2019 ते 2021 ह्या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील प्रौढ स्त्रियांपैकी शंभरात सत्तावन्न जणींच्या अंगी रक्त कमी असल्याचे आढळले. दुसरी सिकलसेलची. हा आनुवंशिक विकार विदर्भात, विशेषतः आमच्या जंगलपट्टीत, पुष्कळ आढळतो. ज्याच्या रक्तात तो केवळ वाहकरूपाने आहे त्याला एरवी काही त्रास होत नाही, परंतु उन्हात, पाण्यावाचून, अतिश्रम झाले तर क्वचित् जिवावर बेतू शकते. आपल्या घरात असले काही नाही, अशा समजुतीवर कोणी राहू नये. तपासणी स्वस्त आहे.

ह्याप्रमाणे दुधाचा व गर्भाशयाचा आक्षेप निकालात निघाला. लोकांच्या बोलण्याचाही हळूहळू निघाला. मुंबईच्या क्रांती साळवी यांनी 2018 साली बर्लिनची सबंध मॅरेथॉन नऊवारी नेसून चार तासांच्या आत पुरी केली, हे ऐकून आमच्या ह्यांनी, "मग पोशाखाचा वाद मिटला म्हणावयाचा, ज्याला जे सोयीचे ते त्याने घालावे," असा निकाल दिला. राहिला तिसरा आक्षेप, मुलांच्या आबाळीचा. तेथे मी घट्ट बसून राहिले होते.

भाद्रपदातील गोष्ट. नातीला रात्री ताप भरला. सूनबाई रात्रभर तिच्या उशाशी होती. पहाटे ताप उतरला आणि मूल शांत झोपी गेले. तेव्हा ती माझ्यापाशी येऊन म्हणाली, "आई, जरा हिच्याजवळ बसाल का? चाळीस मिनिटांत परत येते." रात्रीच्या जागरणाने मीही त्रासले होते. मी म्हटले, "तुझी शर्यत आधी की तुझे लेकरू आधी, ते एकदाचे ठरव." ती काही बोलली नाही. तिने बूट काढले, कापडात गुंडाळले आणि माळ्यावर ठेवून दिले. दुसऱ्या दिवशी ती धावावयास गेली नाही, तिसऱ्या दिवशीही गेली नाही. असे सहा आठवडे गेले. घरात सर्व सुरळीत चालले होते. मुलांची आबाळ तिळमात्र होत नव्हती. फक्त ती पूर्वी स्वयंपाक करताना काहीतरी गुणगुणत असे, ते बंद झाले.

दसऱ्याच्या सुमारास थोरली सूनबाई आणि मी तांदूळ निवडीत बसलो होतो. थोरली फार बोलणारी नाही. तिने खाली मान घालून, खडे वेचता वेचता एवढेच म्हटले, "आई, त्या दिवशी पहाटे भावोजी बॅडमिंटन खेळायला गेले होते ना?" मी म्हटले, "गेला असेल. रोजच जातो." ती म्हणाली, "हो. तुम्हीच त्यांना चहा करून दिला होता."

तांदूळ निवडून झाले. त्या दुपारी मला झोप आली नाही. ज्या मुलीला ताप होता ती जितकी तिच्या आईची, तितकीच तिच्या बापाची. तो खेळावयास गेला तेव्हा लेकरू आधी की खेळ आधी, असे मी त्याला विचारले नव्हते. विचारावे असे माझ्या मनातही आले नव्हते.

आणखी एक गोष्ट आठवली. बारामतीच्या लता भगवान करे यांची हकीकत महाराष्ट्रात सर्वांस ठाऊक आहे. पतीच्या आजाराच्या तपासणीला पैसे हवेत म्हणून ह्या साठी ओलांडलेल्या श्रमजीवी बाई बारामतीच्या मॅरेथॉनमधील ज्येष्ठांच्या तीन किलोमीटर शर्यतीत नऊवारी लुगड्यात अनवाणी धावल्या आणि पहिल्या आल्या. त्यांच्या जीवनावर 2020 साली चित्रपट निघाला. त्यात त्यांनी स्वतःच काम केले, आणि राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याचा विशेष उल्लेख झाला. ही हकीकत आमच्या घरात निघाली की माझ्या डोळ्यांस पाणी येई. पण त्या दुपारी मी स्वतःस विचारले की, लताबाई पतीसाठी न धावता केवळ धावावेसे वाटले म्हणून धावल्या असत्या, तर मला रडू आले असते काय? मैदानावरील ती भरतीची आई घरासाठी धावते म्हणून तिच्या सासूचे मी मनातल्या मनात कौतुक केले. माझी सून कोणासाठीही धावत नव्हती. तिला धावणे आवडत होते, त्यात ती चांगली होती, आणि आपण किती चांगल्या आहोत हे तिला घड्याळावर पाहावयाचे होते. दुसऱ्या कोणाच्या कामी न येणारी अशी गोष्ट एका आईने करावी, हेच मला सोसवत नव्हते. दूध, गर्भाशय, आबाळ ही सगळी त्या न सोसवण्याची निमित्ते होती.

ज्या माता जिंकल्या त्यांच्या पायांचे वर्णन आपण वाचतो. त्या धावत असता मुलाला कोणी घेतले होते ते क्वचितच छापले जाते. मेरी कोम ही मुष्टियुद्धातील. तिचा खेळ निराळा, पण प्रश्न हाच. 2007 साली तिला जुळी मुले झाली आणि 2008 साली ती पुन्हा जगज्जेती ठरली. तेव्हा ती मुले तिच्या पतीने सांभाळली होती. एकत्र कुटुंबाचा आपण एवढा अभिमान बाळगतो. घरात चार हात अधिक असतात, मूल कधी एकटे पडत नाही, असे आपण शहरातील विभक्त कुटुंबांस ऐकवीत असतो. मग ते चार हात पहाटे साडेपाच ते साडेसात कोठे असतात? विभक्त कुटुंबातील बाई पैसे देऊन कोणाला तरी ठेवून घेईल. आमच्या सुनेला तर पाच माणसांच्या घरात परवानगी मागावी लागत होती, आणि ती परवानगी रोज नव्याने मागावी लागत होती.

त्या रात्री मी माळ्यावरचे बूट काढून तिच्या खोलीच्या दाराशी ठेवले. बोलणे मला साधले नाही. दुसऱ्या दिवशी जेवणे झाल्यावर आमच्या ह्यांनी जुन्या दिनदर्शिकेच्या पाठीवर रकाने आखले. सोमवार व गुरुवार मुले माझ्याकडे. मंगळवार व शनिवार त्यांच्या वडिलांकडे. त्या दोन दिवशी त्याचे बॅडमिंटन बंद. हे त्याला प्रथम जड गेले. पण मुलीची वेणी घालावयास तो त्याच सकाळी शिकला. रविवारी सूनबाईची लांब धाव, त्या दिवशी मुले थोरलीकडे. हे लिहून झाल्यावर थोरली म्हणाली, "मग मलाही दोन संध्याकाळी हव्यात." लग्नापूर्वी ती गाणे शिकत होती. बारा वर्षांत आम्हांपैकी कोणी तिला त्याविषयी विचारले नव्हते. बुधवार व शुक्रवारची संध्याकाळ तिच्या नावे लिहिली गेली, आणि त्या दोन दिवशी रात्रीचा स्वयंपाक धाकटीकडे आला.

ह्या व्यवस्थेत एकच नियम ठेवला. ज्याच्याकडे मुले आहेत त्याने मुलांना काही झाले तर स्वतः पाहावयाचे, धावणारीला हाक मारावयाची नाही. ताप आला तरी नाही. हा नियम मोडला की सारे रकाने निरर्थक होतात. मूल दुसऱ्याजवळ आणि काळजी आईजवळ अशी वाटणी म्हणजे मदत नव्हे.

आमच्या भागाच्या दोन अडचणी सांगितल्या पाहिजेत. उन्हाळ्यात येथे व चंद्रपुराकडे पारा पंचेचाळिसाच्या वर जातो. चैत्र-वैशाखात सूर्य वर येण्यापूर्वी धावणे संपले पाहिजे. पण पहाटेचा काळोख हीच वन्य प्राण्यांच्या हिंडण्याची वेळ. गेल्या काही वर्षांत ह्या जिल्ह्यात वाघाच्या हल्ल्यात मोहफुले वेचणारी, सरपण आणणारी पुष्कळ माणसे प्राणास मुकली आहेत. म्हणून गावाबाहेरच्या रस्त्यांवर एकटीने जावयाचे नाही, मैदानावरच फेऱ्या घालावयाच्या, असे तिने स्वतःच ठरविले. त्याच मैदानाला चाळीस फेऱ्या घालणे कंटाळवाणे होत असेल. तिने तशी तक्रार कधी केली नाही.

ह्या जानेवारीत ती मुंबईच्या शर्यतीला गेली. नागपूरपर्यंत मोटार, पुढे रेल्वे. बरोबर तिचा नवरा होता, आणि मुले आमच्यापाशी होती. सागरी सेतूवरून धावताना समोरून वारा होता, असे तिने नंतर सांगितले. अर्धी मॅरेथॉन तिने पुरी केली, परंतु दोन तासांच्या आत नव्हे. दोन तास आणि चार मिनिटे लागली. घरी फोन आला तेव्हा मला वाईट वाटले. मी समजूत घालावयास लागले, तर ती म्हणाली, "आई, शेवटच्या तीन किलोमीटरांत चुकले. सुरुवातीला जास्त जोरात गेले. कुठे चुकले ते कळले आहे आता."

मागून मुलगी, "मला बोलू द्या," म्हणून हट्ट करीत होती. तिला फोन दिला. तिने आईस सांगितले की, आजोबांनी दूध उतू घातले आणि आजीने त्यांना रागे भरले. इकडे ह्यांनी दिनदर्शिकेचे नवे पान उलटे करून रकाने आखावयास घेतलेही होते.

ज्या घरांत धावणारी सून नाही तेथेही कोणीतरी काहीतरी माळ्यावर ठेवलेले असते. पेटी असेल, रंगांची डबी असेल, अर्धवट राहिलेला अभ्यास असेल. ते तिने कोणासाठी खाली काढावे हे विचारू नये. पहाटेचे किंवा संध्याकाळचे दोन तास कोणाच्या नावावर लिहिता येतील, एवढे घरातील सर्वांनी एकत्र बसून पाहावे. आमच्या घरी ह्यास एक दुपार लागली. त्यापूर्वीचे वर्ष मात्र माझ्या हट्टात गेले, आणि ते परत आणता येत नाही.